समुद्र वर्षाला चार मिलिमीटर वर येतोय, हे १,३३६ किलोमीटर उंचीवरून कसं कळतं?

प्रश्न असा आहे: हवामान बदलाच्या अभ्यासात अवकाश संस्थांचं नेमकं काम काय, आणि त्यासाठी देशोदेशींनी एकत्र येण्याची गरज का पडते? एखाद्या देशाने स्वतःचा उत्तम उपग्रह सोडला तर तेवढ्यावर भागणार नाही का?

नाही भागत. हवामान बदल वीस-तीस वर्षांच्या पट्ट्यात दिसतो आणि एक उपग्रह साधारण पाच ते दहा वर्षं काम करतो. त्यामुळे कोणताही एकटा उपग्रह हा बदल पुरता पाहत नाही. पाहते ती एकामागून एक सोडलेल्या उपग्रहांची साखळी, आणि तीही प्रत्येक कडी मागच्या कडीत नीट अडकलेली असेल तरच. संयुक्त मोहिमांच्या बातम्यांत रॉकेट कोणाचं, उपकरण कोणाचं, खर्च कोणाचा एवढंच येतं. हवामानाच्या नोंदीचा जीव मात्र कड्यांच्या जोडात असतो, म्हणून हे उत्तर मुख्यतः त्या जोडांबद्दल आहे. उदाहरण समुद्रपातळीचं घेतो. तिथले आकडे फार नाजूक आहेत, आणि चुका कुठे झाल्या, कशा सापडल्या हेही सगळं उघड नोंदलेलं आहे.

आधी मोजणी समजून घेऊ. उपग्रहावरचा रडार अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारं उपकरण, सरळ खाली एक स्पंद सोडतो, तो समुद्राच्या पृष्ठभागावरून परत येतो. १,३३६ किलोमीटर जाऊन यायला सुमारे ८.९ मिलिसेकंद लागतात. पाणी एक सेंटिमीटर वर असेल तर हा वेळ सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्याही पंधराव्या हिश्श्याने कमी होतो. पण यातून मिळतं ते उपग्रह आणि पाणी यांच्यातलं अंतर. पाण्याची उंची हवी तर उपग्रह त्या क्षणी पृथ्वीच्या केंद्रापासून किती दूर होता, तेही तितक्याच बारकाईने माहीत हवं. त्यासाठी तीन स्वतंत्र पद्धती एकदम वापरतात: जीपीएससारख्या यंत्रणेचा रिसीव्हर, 'डोरिस' ही फ्रेंच पद्धत आणि जमिनीवरून सोडलेला लेझर. डोरिसची जगभर पन्नासहून अधिक रेडिओ ठाणी आहेत आणि लेझरची केंद्रं अनेक देशांची आहेत. दक्षिण गोलार्धात ती विरळ पडली तर कक्षेच्या हिशेबात उत्तर-दक्षिण असा लहानसा कल शिरतो आणि तो समुद्रपातळीत खोटा दिसू लागतो. सहकार्याची गरज इथूनच सुरू होते, उपग्रहाने पाणी मोजण्याच्याही आधी.

मग दुरुस्त्या. कोरड्या हवेमुळे रडारचा स्पंद मंदावतो आणि अंतर सुमारे २.३ मीटर जास्त वाटतं. ही दुरुस्ती हवेच्या दाबावरून काढतात. दाबात एक हेक्टोपास्कलची चूक झाली तर अंतरात सव्वादोन मिलिमीटरची होते. दाबाचे आकडे हवामान मॉडेलमधून येतात आणि मॉडेलला ते जगभरची वेधशाळा, जहाजं आणि तरंगते बोये पुरवतात. बाष्पाची दुरुस्ती काही सेंटिमीटरपासून ४० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि तासातासाला बदलते. तिच्यासाठी अल्टिमीटरशेजारीच एक मायक्रोवेव्ह रेडिओमीटर बसवलेला असतो. आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची, दुरुस्ती दोन वेगळ्या लहरींवर एकाच वेळी मोजून काढतात. लाटांचीही दुरुस्ती लागते: लाटेच्या खळग्यातून रडारला जास्त परतावा मिळतो, शिखरावरून कमी, त्यामुळे पाणी प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतं. हा फरक लाटेच्या उंचीच्या तीन-चार टक्के, म्हणजे तीन मीटर लाटांना दहाएक सेंटिमीटर. शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो, तेही वजा करावं लागतं.

भरती-ओहोटीचं काय? इथे कक्षेची निवडच कामाला येते. बहुतेक निरीक्षण उपग्रह सूर्याशी जुळलेल्या कक्षेत असतात, म्हणजे एखाद्या गावावरून ते कायम एकाच स्थानिक वेळेला जातात. अशा उपग्रहाला सूर्यामुळे येणारी भरती दर वेळी एकाच टप्प्यावर सापडते. ती भरती आहे की समुद्राची कायमची पातळी, हे त्याला वेगळं काढता येत नाही. म्हणून या मोजणीचा मुख्य उपग्रह मुद्दाम ६६ अंशाच्या कललेल्या कक्षेत ठेवला. तो साधारण दहा दिवसांनी, नेमकं सांगायचं तर ९.९१५६ दिवसांनी, त्याच रेषेवर परततो. १९९२ पासून आजवर या साखळीतल्या प्रत्येक उपग्रहाने हीच वाट धरली. पुढच्या काळात तंत्र बदललं, उपकरणं बदलली, पैसे देणारे बदलले, कक्षा बदलली नाही. या साखळीतला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो.

एवढं करूनही एका जागेच्या एका मोजणीत तीन-चार सेंटिमीटरची चूक उरतेच. मग मिलिमीटर कुठून येतात? दहा दिवसांत सेकंदाला एक या हिशेबाने समुद्रावर सुमारे सहा लाख मोजण्या होतात. कधी वर, कधी खाली अशा ज्या चुका असतात त्या सरासरीत एकमेकींना खोडतात. पण उपकरण स्वतःच हळूहळू एका बाजूला सरकत असेल, तर सहा काय, साठ लाख मोजण्यांनीही ती चूक जाणार नाही. ती सरासरीत जशीच्या तशी उतरते आणि हुबेहूब हवामान बदलासारखी दिसते. जागतिक हवामान निरीक्षण व्यवस्थेने म्हणूनच अट घातली आहे की सरासरी समुद्रपातळीच्या नोंदीत वर्षाला ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरक चालणार नाही. हे एकट्या उपकरणाला जमत नाही. त्याला कोणीतरी बाहेरून तपासावं लागतं.

आता साखळी. टोपेक्स-पोसायडन १० ऑगस्ट १९९२ रोजी कुरूहून उडाला. नासा आणि फ्रान्सची सीएनईएस या दोन अवकाश संस्थांचा हा उपग्रह. त्यामागून जेसन-१ डिसेंबर २००१ मध्ये, जेसन-२ जून २००८ मध्ये, जेसन-३ जानेवारी २०१६ मध्ये आणि सेंटिनल-६ मायकेल फ्रायलिक नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याचा जुळा सेंटिनल-६बी नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला. दरम्यान अमेरिकेची नोआ आणि युरोपची युमेटसॅट या हवामानाचं काम पाहणाऱ्या संस्था, युरोपीय अवकाश संस्था आणि युरोपीय आयोग यात आले. भागीदार वाढण्याचं एक कारण व्यवहाराचं आहे. संशोधन संस्था नवं उपकरण सिद्ध करून दाखवते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. तीस-चाळीस वर्षं तेच तेच मोजत राहणं हवामान खात्यांच्या स्वभावात बसतं. खर्च चार जणांत वाटलेला असला की एका देशाचं अंदाजपत्रक कोलमडलं तरी साखळी तुटत नाही.

प्रत्येक नवा उपग्रह वर गेल्यावर सहा महिने ते वर्षभर जुन्याच्या मागेपुढे, त्याच रेषेवर, एक-दीड मिनिटाच्या अंतराने उडवतात. टोपेक्स आणि जेसन-१ यांच्यात ७० सेकंदांचं अंतर होतं. सेंटिनल-६ तर जेसन-३ च्या फक्त ३० सेकंद मागे, म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटरवर, वर्षभराहून जास्त काळ होता. तीस सेकंदांत समुद्र बदलत नाही, बाष्प बदलत नाही, लाटा बदलत नाहीत. मग दोघांच्या आकड्यांत जो फरक दिसेल तो समुद्राचा नाही, उपकरणांचाच. व्यापारी नवा तराजू घेतो तेव्हा जुना मोडीत काढण्याआधी एकच वजन दोन्ही पारड्यांत ठेवून बघतो, तसंच हे. हा फरक सेंटिमीटरांत असतो. समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो, म्हणजे जोडात आठ सेंटिमीटरचा घोळ राहिला तर तो वीस वर्षांच्या वाढीएवढा झाला. जुना उपग्रह अजून चालू असतानाच नवा वर जायला हवा, हा आग्रह यासाठी. नवा तयार व्हायला दोन वर्षं उशीर झाला आणि तेवढ्यात जुना बंद पडला, तर पैसे कितीही ओता, तो जोड परत मिळत नाही.

जोड नसेल तर काय होतं, ते टोपेक्सनेच दाखवलं. त्याच्या अल्टिमीटरच्या दोन बाजू होत्या, एक चालू आणि एक राखीव. पहिली जीर्ण होत गेल्याने फेब्रुवारी १९९९ मध्ये राखीव बाजू चालू केली. पहिल्या बाजूने १९९३ ते १९९८ या काळात मोजलेला वेग प्रत्यक्षापेक्षा वर्षाला दीडेक मिलिमीटर जास्त होता. हे ध्यानात आलं ते किनाऱ्यांवरच्या भरतीमापकांमुळे. जगभरच्या बंदरांतले मापक आणि त्यांच्याजवळून जाणारा उपग्रह यांचे आकडे शेजारी ठेवल्यावर सुरुवातीची सहा वर्षं वाकडी दिसली. परिणाम साधा नव्हता. सुरुवातीचा वेग खोटा वाढलेला असल्यामुळे नंतर वेग वाढतोय हेच झाकलं गेलं होतं. दुरुस्तीनंतर चित्र स्पष्ट झालं: १९९३ च्या सुमारास वर्षाला सुमारे २.१ मिलिमीटर असलेला वेग २०२३ पर्यंत सुमारे ४.५ झाला, आणि तीस वर्षांत पातळी दहाएक सेंटिमीटरने चढली. एकट्या २०२४ या वर्षात अपेक्षित ४.३ ऐवजी ५.९ मिलिमीटरची वाढ नोंदली गेली. सेंटिनल-६ च्या अल्टिमीटरचीही बाजू सप्टेंबर २०२१ मध्ये बदलावी लागली, पण तेव्हा जेसन-३ तीस सेकंदांवर समोर होता, त्यामुळे दोन्ही बाजू त्याच्याशी ताडून घेता आल्या. वीस वर्षांत शिकलेलं शहाणपण ते हे.

आंतरराष्ट्रीय तपासणीचं आणखी एक रूप जमिनीवर आहे. उपग्रहाची वाट नेमकी जिथून जाते अशा काही ठिकाणी कायमची मापनकेंद्रं आहेत: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचा हार्वेस्ट हा समुद्रातला तेलविहिरीचा मंच, कॉर्सिकातलं सेनेतोसा, ग्रीसमधलं गाव्दोस बेट, ऑस्ट्रेलियाजवळची बास सामुद्रधुनी. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला इस्रोचं असंच केंद्र आहे. एकाच ठिकाणी भरवसा ठेवला तर त्या ठिकाणची जमीन खचली तरी उपग्रह सरकला असं वाटेल, म्हणून केंद्रं वेगवेगळ्या खडकांवर आणि वेगवेगळ्या देशांत लागतात.

समुद्र का चढतो, हा पुढचा प्रश्न. पाणी तापून फुगतंय म्हणून, की जमिनीवरचा बर्फ वितळून पाणी वाढतंय म्हणून? अल्टिमीटरला दोन्हींची बेरीजच दिसते. वेगवेगळं मोजायला दोन अगदी निराळ्या यंत्रणा लागतात. पहिली आर्गो. सुमारे चार हजार स्वयंचलित बोये जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. प्रत्येक बोया दोन हजार मीटर खोल जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता मोजतो, उपग्रहाला आकडे पाठवतो आणि पुन्हा बुडतो. हे दर दहा दिवसांनी. भारताचा यातला वाटा हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेमार्फत आहे. ग्रीक कथेतल्या जेसनच्या जहाजाचं नाव आर्गो. उपग्रह आणि बोये यांनी जोडीने काम करायचं, म्हणूनच नावं अशी ठेवली.

दुसरी यंत्रणा ग्रेस, नासा आणि जर्मनी यांची. मार्च २००२ मध्ये दोन उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर एकामागून एक, २२० किलोमीटरच्या अंतराने सोडले. खालच्या जमिनीत वस्तुमान जास्त असेल तर पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, अंतर किंचित वाढतं. मागचा तिथे पोचला की पुन्हा कमी होतं. हा फरक एका मायक्रॉनच्या आसपास बारकाईने मोजतात. दर महिन्याला पृथ्वीच्या गुरुत्वाचा नकाशा तयार होतो आणि दोन नकाशांतली वजाबाकी म्हणजे पाणी आणि बर्फ कुठून कुठे गेलं त्याचा हिशेब. ग्रीनलँड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतोय, हे यातूनच कळलं. ३६० अब्ज टन पाणी समुद्रात गेलं की जगभर एक मिलिमीटर चढतो, हे लक्षात ठेवलं तर आकड्याचा अर्थ लागतो. २०१० ते २०११ मध्ये जागतिक समुद्रपातळी चक्क पाच मिलिमीटर खाली आली तेव्हा बरेच जण गोंधळले होते. ला निनामुळे ऑस्ट्रेलिया आणि इतरत्र जमिनीवर प्रचंड पाऊस पडून पाणी तिथे अडकलं होतं, हे ग्रेसने दाखवलं.

वायव्य भारताचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा मिळून भूजल वर्षाला सुमारे चार सेंटिमीटर जाडीच्या थराएवढं घटतंय, आणि ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ मध्ये १०९ घन किलोमीटर पाणी गेलं, असं ग्रेसवरून काढलं होतं. पण हाच नकाशा घेऊन कोणी एखाद्या तालुक्याचं भूजल सांगू लागला तर ते चुकीचं आहे. ग्रेसची नजर सुमारे तीनशे किलोमीटरची आहे. त्याहून लहान क्षेत्राचा आकडा शेजारच्या क्षेत्राचं पाणी मिसळलेला असतो. तालुक्यासाठी विहिरींच्या पातळीच्या नोंदींना पर्याय नाही.

ग्रेसच्या बाबतीत साखळी तुटली. पहिल्या जोडीची बॅटरी संपत आली, २०१७ च्या मध्याला कामाची माहिती थांबली आणि पुढची जोडी, ग्रेस-एफओ, मे २०१८ मध्ये गेली. सुमारे अकरा महिन्यांची पोकळी राहिली आणि दोन्ही जोड्या एकत्र कधीच उडाल्या नाहीत. ही पोकळी भरायला युरोपच्या स्वार्म उपग्रहांच्या कक्षेवरून काढलेलं ढोबळ गुरुत्व आणि लॅजिओससारख्या आरसे लावलेल्या गोलांवर सोडलेला लेझर यांचा आधार घेतात. पृथ्वीच्या चपटेपणाशी संबंधित एक संख्या तर ग्रेसकडून कधीच नीट मिळाली नाही. ती पहिल्यापासून लेझरच्या मोजणीतूनच बदलून घालतात. नव्या जोडीतल्या एका उपग्रहाचा, हवेचा अवरोध टिपणारा प्रवेगमापक उड्डाणानंतर लवकरच बिघडला. आता पुढच्या-मागच्या उपग्रहांवर हवेचा अवरोध जवळपास सारखाच असतो हे धरून, चांगल्या उपग्रहाचे आकडे सुमारे अर्ध्या मिनिटाने सरकवून दुसऱ्याला लावतात. चालतं, पण वरच्या वातावरणात सौर वादळाची धांदल असेल तेव्हा या आकड्यांवर जपूनच विसंबावं.

आता तीन यंत्रणांची बेरीज. अल्टिमीटरची वाढ, उणे आर्गोचं प्रसरण, उणे ग्रेसचं वस्तुमान, बाकी शून्य यायला हवी. २००५ पासून दहाएक वर्षं ती बरीचशी शून्याजवळ होती. २०१६ नंतर ती वाढू लागली. इथे सहकार्याचा कस लागला. उपकरणं वेगवेगळ्या संस्थांची असली की चूक दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. प्रत्यक्षात सगळ्यांनी आपापली कच्ची माहिती खुली ठेवली होती, म्हणून तिसऱ्यालाच ती तपासता आली. आर्गोच्या काही बोयांचे क्षारतेचे संवेदक हळूहळू पाणी जास्त खारट दाखवू लागले होते. खारट पाणी जड, म्हणून हिशेबात ते कमी फुगलेलं ठरत होतं. दुसरीकडे जेसन-३ वरचा बाष्प मोजणारा रेडिओमीटर सरकला होता. या दोन्हींनी न जुळलेल्या हिशेबाचा बराच भाग समजला. सेंटिनल-६ वरच्या नासाने दिलेल्या रेडिओमीटरमध्ये स्वतःला वारंवार तपासण्याची वेगळी यंत्रणा मुद्दाम बसवली आहे, ती अशा सरकीवर उपाय म्हणून.

समुद्रापलीकडेही असंच. कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी जपानचा गोसॅट २३ जानेवारी २००९ रोजी गेला आणि नासाचा ओसीओ महिनाभराने, २४ फेब्रुवारीला. पण रॉकेटचं टोकाचं आवरण सुटलं नाही आणि ओसीओ कक्षेत पोचलाच नाही. उपग्रह गेला, त्याच्या माहितीसाठी तयार केलेली गणिती रीत आणि माणसं मात्र होती. जपानने गोसॅटची माहिती दिली, ओसीओच्या गटाने आपली रीत तिच्यावर चालवून पाहिली, दोन्ही संघ नेवाडातल्या रेलरोड व्हॅली या सपाट कोरड्या तळ्यात उन्हाळ्यात एकत्र मोजणी करत राहिले. जुलै २०१४ मध्ये ओसीओ-२ उडाला तेव्हा माहितीवरची प्रक्रिया पाच वर्षं मुरलेली होती. चारशेहून जास्त पीपीएममध्ये (दशलक्ष भागांतले भाग) एका पीपीएमचा फरक ओळखायचा असतो, म्हणजे पाव टक्क्याचा. तिथे अशी मुरवण लागतेच.

भारताचा वाटा या साखळ्यांत आहे आणि तो पोकळ्या भरण्याच्या जागी जास्त उठून दिसतो. समुद्रपातळीही मोजणारा युरोपचा एन्व्हिसॅट एप्रिल २०१२ मध्ये अचानक गप्प झाला. त्याच्या जुन्या, ३५ दिवसांच्या वाटेवर २५ फेब्रुवारी २०१३ रोजी पीएसएलव्ही-सी२० ने सरल सोडला: उपग्रहाचा सांगाडा आणि उड्डाण इस्रोचं, अल्टिका हा अल्टिमीटर सीएनईएसचा. तो ३५.७५ गिगाहर्ट्झवर चालतो. या लहरीला आयनांबराचा त्रास जवळपास नाही आणि तिचा झोत अरुंद असल्याने किनाऱ्याजवळ जास्त चांगलं दिसतं. त्याची किंमत पावसात द्यावी लागते. दाट पावसात सिग्नल मावळतो, त्यामुळे पावसाळ्यातल्या अरबी समुद्राची माहिती वापरताना गाळलेल्या नोंदी किती आहेत ते आधी बघावं.

वाऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या नासाच्या क्विकस्कॅटचा फिरता अँटेना नोव्हेंबर २००९ मध्ये अडकला. दोनच महिन्यांपूर्वी इस्रोचा ओशनसॅट-२ वर गेला होता, त्याच्यावर तसाच स्कॅटरोमीटर, म्हणजे वारा मोजणारा रडार, होता. अडकलेल्या क्विकस्कॅटला फेकून दिलं नाही. अरुंद पट्ट्यात का होईना त्याचं उपकरण पक्कं होतं, म्हणून त्याला मापदंड करून ओशनसॅट-२ चं आणि पुढे अंतराळ स्थानकावरच्या रॅपिडस्कॅटचं जुळवण केलं. २०१४ च्या सुरुवातीला ओशनसॅट-२ चं उपकरण थांबलं आणि रॅपिडस्कॅट सप्टेंबरमध्ये गेला. ते मधले महिने या साखळीत थेट जोडाविना आहेत, आणि लंगडा क्विकस्कॅट नसता तर दोन्ही टोकं जुळवणं फार अवघड गेलं असतं. रॅपिडस्कॅट ऑगस्ट २०१६ मध्ये बंद पडला आणि सप्टेंबरमध्ये इस्रोचा स्कॅटसॅट-१ गेला.

अपयशही बघायला हवं. मेघा-ट्रॉपिक्स हा भारत-फ्रान्सचा उपग्रह ऑक्टोबर २०११ मध्ये फक्त २० अंशाच्या कलाने सोडला, म्हणजे तो उष्णकटिबंधावरच फिरत राहायचा आणि एकच जागा दिवसातून अनेकदा बघायचा. मान्सूनच्या ढगांसाठी ही कल्पना उत्तम होती. मद्रास हे पावसाचं मुख्य उपकरण जानेवारी २०१३ मध्येच बंद पडलं. सफीर हे आर्द्रतेचं उपकरण चालत राहिलं आणि ते जागतिक पर्जन्य मापनाच्या, नासा आणि जपानच्या जाळ्यात जोडलं गेलं म्हणून मोहीम वाया गेली नाही. जाळ्यात असण्याचा हा फायदा आहे: एखाद्याचं अर्धं अपयशही दुसऱ्याच्या कामी येतं.

जमिनीच्या बारीक हालचाली टिपणारा निसार हे सध्याचं सगळ्यांत मोठं भारत-अमेरिका काम. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ ने गेला. नासाचा एल-बँड आणि इस्रोचा एस-बँड असे दोन वेगळ्या तरंगलांबीचे रडार, १२ मीटर व्यासाच्या एकाच जाळीदार परावर्तकावर. दर १२ दिवसांनी तीच जमीन. त्याला वेळ लागला. घडी केलेल्या अवस्थेत परावर्तक ठरल्यापेक्षा जास्त तापेल असं चाचण्यांत दिसलं, म्हणून बंगळूरला पोचलेला परावर्तक २०२४ मध्ये विशेष लेप द्यायला पुन्हा अमेरिकेला पाठवावा लागला. संयुक्त कामात असं होतं. एका संस्थेच्या भागाचं तापमान दुसऱ्या संस्थेच्या सांगाड्यावर, आणि त्याच्या कक्षेतल्या स्थितीवर अवलंबून असतं. दोन भाग वेगवेगळे उत्तीर्ण झाले म्हणजे एकत्रही होतील असं नाही.

हे सगळं कोणाला कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यासाठी वापरायचं असेल, तर काही गोष्टी सुरुवातीलाच नीट लावून घ्याव्यात. दीर्घकालीन कल काढायचा असेल तर सगळे उपग्रह मिसळलेलं उत्पादन घेऊ नये. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या हवामान सेवेचं उत्पादन मुद्दाम एका वेळी दोनच उपग्रह वापरतं, कारण उपग्रहांची संख्या मध्येच बदलली की नोंदीचा स्वभाव बदलतो. भोवरे आणि प्रवाह बघायचे तर मात्र सगळे उपग्रह असलेलं बरं. फाईल उतरवताना आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा आणि जुनी-नवी आवृत्ती एकाच आलेखात कधीही जोडू नका. कक्षा आणि भरतीचं मॉडेल बदललेलं असतं. किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतले साधे आकडे सोडून द्या, कारण रेडिओमीटरच्या नजरेत तिथे जमीन शिरते आणि बाष्पाची दुरुस्ती बिघडते. तिथलंच हवं असेल तर किनाऱ्यासाठी पुन्हा प्रक्रिया केलेलं उत्पादन घ्या. वार्षिक आणि सहामाही चढउतार आधी काढा, कारण मान्सूनचे वारे पातळी सेंटिमीटरांनी हलवतात. दहा वर्षांच्या मालिकेवरून कल जाहीर करू नका. २०११ ची पाच मिलिमीटर घट आठवा. आणि जागतिक सरासरीशी तुलना करताना त्या सरासरीत हिमयुगानंतरच्या भूकवचाच्या हालचालीची वर्षाला सुमारे ०.३ मिलिमीटरची दुरुस्ती मिळवलेली आहे का, ते तपासा. काही संस्था मिळवून देतात, काही न मिळवता.

शेवटची अडचण मुंबईत जाणवते. अपोलो बंदरचा भरतीमापक १८७८ पासूनच्या नोंदी देतो. हिंदी महासागराच्या काठी इतकी जुनी मालिका दुर्मीळ आहे. तिच्यावरून शतकभराचा वेग वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास निघतो. उपग्रहाचा वेग याहून बराच जास्त आहे, आणि दोन्ही बरोबर असू शकतात: काळ वेगळा आहे, आणि मोजलेली गोष्टही वेगळी आहे. मापक जमिनीवर उभा आहे, त्याला पाणी आणि जमीन यांच्यातला फरक दिसतो. उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतो, जमीन खचली तर त्याला पत्ता नसतो. घरात पाणी शिरणार की नाही हे ठरतं ते पहिल्या आकड्यावर. म्हणून भराव घातलेल्या भागांसाठी तिसरा आकडा लागतो, जमीन किती खाली जाते त्याचा, आणि तो निसारसारख्या रडारच्या लागोपाठच्या फेऱ्यांतून काढता येतो. रडार मात्र सापेक्ष हालचाल देतो, तीही तिरक्या नजरेच्या दिशेने. ज्या खडकाला स्थिर धरायचं, त्यावर जीएनएसएसचं, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणांचं, कायमचं ठाणं हवं, आणि शक्यतो एक ठाणं भरतीमापकाच्या अगदी शेजारी, त्याच पायावर. ते नसेल तर रडारने दाखवलेली घसरण भरावाची आहे की संदर्भखडकाची, हे कोणालाच सांगता येणार नाही.